परका ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

२२ मे २०२५ रोजी युरोपातील नऊ देशांच्या नेत्यांनी एक जाहीर पत्र प्रसिद्ध केले. इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी आणि डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांच्या पुढाकाराने निघालेल्या या पत्रावर ऑस्ट्रिया, बेल्जियम, चेक प्रजासत्ताक, पोलंड, एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनिया यांच्याही सह्या आहेत. पत्राचा आशय थोडक्यात असा की, १९५० साली रोम येथे झालेल्या युरोपीय मानवी हक्क करारनाम्याचा अर्थ स्ट्रासबूर्गचे न्यायालय अवास्तव ताणून लावत आहे. त्यामुळे कोणत्या परदेशी माणसाला देशात ठेवावे आणि कोणाला घालवावे हे ठरवण्याचे सरकारांचे स्वातंत्र्य आक्रसले आहे. युरोप परिषदेचे सरचिटणीस आलँ बेर्से यांनी न्यायालयाला राजकारणाचे हत्यार बनवू नका, अशा अर्थाचे उत्तर दोनच दिवसांत दिले. परंतु पत्राचा परिणाम व्हायचा तो झाला. १० डिसेंबर २०२५ रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक मानवी हक्क दिनी, ४६ सदस्य देशांपैकी २७ देशांनी याच सुरातील संयुक्त निवेदनावर सह्या केल्या.

त्याच मे महिन्याच्या २ तारखेला भारत सरकारच्या गृहखात्याने राज्यांना सूचना धाडली होती की, बांगलादेशी अथवा म्यानमारी असल्याचा संशय असलेल्या व्यक्तींची कागदपत्रे तीस दिवसांत तपासून निकाल लावावा. २२ एप्रिलच्या पहलगामच्या हत्याकांडाने देश हादरलेला होता आणि सर्वत्र संतापाचे वातावरण होते. राजस्थानात मुख्यमंत्री भजनलाल शर्मा यांच्या सरकारने मोहीम हाती घेतली. जयपूरच्या झोपडवस्त्या, सीकर व अलवरकडील वीटभट्ट्या, भिवाडीचा औद्योगिक पट्टा येथे धाडी पडल्या, आणि १४ मे रोजी जोधपूरहून सुमारे दीडशे माणसांना घेऊन एक खास विमान पूर्वेच्या सीमेकडे उडाले.

युरोपच्या नेत्यांना त्यांना हवे ते मिळवण्यासाठी न्यायालयाकडे बोट दाखवत पत्र लिहावे लागले. जयपूरला कोणाला पत्र लिहावे लागले नाही. जे स्ट्रासबूर्गमध्ये अजून मागितले जात आहे ते राजस्थानात घडूनही गेले आहे, आणि म्हणून युरोपातील हा वाद म्हणजे दूरदेशीची बातमी असे समजून पान उलटणे आपल्या वाचकांना परवडणारे नाही. त्या वादाचे उत्तर काय निघते हे पाहण्यासाठी युरोपला जाण्याची गरज नाही. सीकरची वीटभट्टी पुरे.

प्रथम युरोपचा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्याकडील वृत्तपत्रे तो 'उदारमतवादी विरुद्ध राष्ट्रवादी' अशा सोप्या चौकटीत बसवून मोकळी होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपच्या कारखान्यांना, खाणींना आणि रुग्णालयांना माणसे हवी होती. पश्चिम जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार केला. आलेल्या माणसाला नाव दिले 'पाहुणा कामगार'. पाहुण्याने काम करावे, काम संपताच निघून जावे. १९७३ च्या तेलसंकटात भरती बंद झाली, पण माणसे गेली नाहीत. त्यांनी तिथे संसार मांडले होते. त्या दिवसापासून आजपर्यंत युरोपच्या भांडवलशाहीला एक गोष्ट साधायची आहे: श्रम हवेत, परंतु श्रम करणाऱ्या माणसाचे कुटुंब, त्याचे मत, त्याची संघटना आणि त्याचे म्हातारपण नको. मानवी हक्कांचा करारनामा नेमका येथे आडवा येतो, कारण त्याच्या तिसऱ्या कलमातील अमानुष वागणुकीची बंदी आणि आठव्या कलमातील कौटुंबिक जीवनाचा आदर हे दोन्ही हक्क नागरिकांपुरते मर्यादित नाहीत. ते माणसाचे आहेत.

हा करारनामा आपल्या लोकांच्याही कामी आलेला आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. १९६८ साली केनियातील भारतीय वंशाचे हजारो लोक ब्रिटिश पासपोर्ट हाती घेऊन लंडनला निघाले, तेव्हा हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने अवघ्या तीन दिवसांत कायदा करून त्यांना दार लावले. पासपोर्ट राणीचा होता, कातडी मात्र गोरी नव्हती. पुढे १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले. केनिया आणि युगांडातील या लोकांच्या तक्रारींवर युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७३ च्या डिसेंबरमध्ये असा निष्कर्ष काढला की, वर्णावरून केलेला हा भेदभाव म्हणजेच मानहानीकारक वागणूक होय. १९९६ साली इंग्लंडमधून भारतात पाठवल्या जाणाऱ्या एका शीख कार्यकर्त्याला स्ट्रासबूर्गच्याच न्यायालयाने संरक्षण दिले. जेथे छळाचा खरा धोका आहे तेथे कोणालाही पाठवता येणार नाही, मग सरकार राष्ट्रीय सुरक्षेचे कारण सांगो की आणखी काही, हे तत्त्व त्या खटल्यात पक्के झाले. २०१२ साली इटलीविरुद्धच्या खटल्यात सोमालिया व एरिट्रियाच्या माणसांना भर समुद्रात अडवून परस्पर लिबियात नेऊन सोडणे बेकायदा ठरले. आज ज्या निकालांवर युरोपच्या सरकारांचा रोष आहे ते हे निकाल आहेत.

आणि तरीही युरोप माणसे अडवतोच आहे. फरक इतकाच की, अडवण्याचे काम तो स्वतः न करता मोल देऊन दुसऱ्यांकडून करून घेतो. मार्च २०१६ मध्ये तुर्कस्तानशी समझोता झाला आणि त्यासाठी सहा अब्ज युरो ठेवले गेले. ब्रिटनने २०२२ साली आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतील रवांडात पाठवण्याची योजना आखली. ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बेकायदा ठरवली आणि जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या सरकारने ती गुंडाळली. इटलीने अल्बानियात छावण्या बांधल्या. १४ जून २०२३ च्या रात्री ग्रीसमधील पायलोसजवळ एक मासेमारी बोट बुडाली. तिच्यावर सुमारे साडेसातशे माणसे होती असा अंदाज आहे, आणि वाचली ती १०४. मेलेल्यांत पाकिस्तानी पंजाबातील आणि काश्मीरच्या पाकिस्तानव्याप्त भागातील तरुण मोठ्या संख्येने होते. युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेला आणि जून २०२६ पासून लागू करण्याचे ठरवलेला स्थलांतर व आश्रयविषयक नवा करार सीमेवरच झटपट छाननी करून माणूस परत पाठवण्याची व्यवस्था अधिक कडक करतो. यावर पुष्कळ लिहिता येईल. आपला विषय मात्र जयपूर आहे, आणि तिकडे वळण्याआधी एवढेच लक्षात घ्यावे की, इतके सर्व असूनही युरोपात संशयित माणसाला न्यायालयाची पायरी चढण्याइतकी फट अजून शिल्लक आहे. पत्र लिहिणाऱ्यांना ती बुजवायची आहे.

जयपूरला बंगाली माणूस नवा नाही. १७२७ साली सवाई जयसिंगाने ज्या शहराची स्थापना केली त्याच्या चौपदरी आखणीशी ज्याचे नाव जोडले जाते तो विद्याधर भट्टाचार्य बंगाली घराण्यातला. आमेरच्या किल्ल्यातील शिलादेवी राजा मानसिंगाने जेसोरहून आणली असे परंपरा सांगते, आणि तिचे पुजारी पिढ्यान्पिढ्या बंगाली. जेसोर आज बांगलादेशात आहे. गोविंददेवजीच्या मंदिरातील गोस्वामींची परंपरा गौडीय वैष्णवांची. जोहरी बाजाराच्या गल्ल्यांत सोन्यात रत्ने जडवणाऱ्या कारागिरांमध्ये बंगालचे हात आजही मोठ्या संख्येने आहेत. देवी आली तेव्हा कोणी तिचे कागद मागितले नाहीत, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु विनोदाचा हा प्रसंग नाही.

कारण १३ मे २००८ रोजी जयपूरच्या परकोट्यात साखळी स्फोट झाले, साठाहून अधिक निरपराध माणसे मारली गेली, आणि त्यानंतर पोलिसांची पावले प्रथम वळली ती कचरा वेचणाऱ्या बंगालीभाषक मुसलमानांच्या वस्त्यांकडे. वसुंधरा राजे यांच्या तत्कालीन सरकारने बांगलादेशी हुडकण्याची मोहीम जाहीर केली. स्फोटांशी या वस्त्यांचा काय संबंध, हा प्रश्न गौण ठरला. शहराला तातडीने एक परका हवा होता, आणि तो सर्वांत स्वस्त दरात तेथेच उपलब्ध होता. ६ डिसेंबर २०१७ रोजी राजसमंद येथे मालदा जिल्ह्यातील एका मजुराला कामाच्या मिषाने बोलावून कुऱ्हाडीने मारले, जाळले, आणि त्या कृत्याचे चित्रीकरण प्रसृत केले. मारणारा सरकारी माणूस नव्हता. परंतु अमुक भाषा बोलणारा अमुक धर्माचा माणूस म्हणजे बाहेरचा, हे समीकरण त्याच्या डोक्यात आपोआप उगवलेले नव्हते.

२०२५ च्या मोहिमेत हेच समीकरण शासकीय कार्यपद्धती बनले. जून महिन्यात उत्तर दिनाजपूरमधील इटाहारच्या शेकडो मजुरांना राजस्थानात डांबल्याची तक्रार पश्चिम बंगाल विधानसभेत झाली. सीकरकडच्या वीटभट्ट्यांवर कूचबिहारची कुटुंबे विटा थापतात. आई, बाप आणि पोरे मिळून हजार विटांमागे ठरलेला दर घेतात, आणि हंगामाच्या आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. अशांना उचलून 'तुम्ही भारतीय असल्याचे सिद्ध करा' असे सांगण्यात आले. आधारकार्ड दाखवले तर ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे असे उत्तर. मतदार ओळखपत्र दाखवले तर ते बनावट नसेल कशावरून, असा प्रतिप्रश्न. मालदा जिल्ह्यातील कालियाचकचा एकोणीस वर्षांचा एक मजूर राजस्थानात पकडला गेला, सुमारे दोन महिने डांबला गेला आणि शेवटी सीमेपलीकडे बांगलादेशात ढकलला गेला. तेथे रडत असलेल्या त्या मुलाची चित्रफीत घरच्यांपर्यंत पोहोचली तेव्हा त्यांना त्याचा ठावठिकाणा कळला. ऑगस्ट महिन्यात तो परत आणला गेला, कारण तो भारतीयच होता.

कूचबिहारच्या बाबतीत तर भाषेची कसोटी हास्यास्पद ठरते. त्या जिल्ह्याची राजबंशी बोली आणि सीमेपलीकडील रंगपूरची बोली यांत फारसा फरक नाही. अक्कलकोटचा कन्नड बोलणारा शेतमजूर महाराष्ट्राचा आणि कलबुर्गीचा कर्नाटकाचा, हे जसे बोलण्यावरून ओळखता येत नाही, तसेच हे आहे. शिवाय ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारत-बांगलादेश सीमा करार अमलात आला तेव्हा भारतीय भूमीने वेढलेली बांगलादेशची ५१ गावठाणे भारतात विलीन झाली आणि त्यांतील चौदा हजारांहून अधिक लोक त्या रात्री भारतीय झाले. सरकारने स्वतः समारंभपूर्वक दिलेले हे नागरिकत्व. त्या माणसाकडे २०१५ पूर्वीचा भारतीय कागद मागणे म्हणजे त्याच्याकडे नसलेलीच वस्तू मागणे होय.

येथे कायद्याचा मुद्दा थोडा सविस्तर पाहिला पाहिजे. सर्वसाधारण फौजदारी न्यायात आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचे असते. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या नवव्या कलमाने हे तत्त्व उलटे केले. परका असल्याचा संशय ज्याच्यावर आहे त्यानेच आपण परके नाही हे सिद्ध करावे. ब्रिटिश राजवटीने जाता जाता करून ठेवलेला हा कायदा स्वतंत्र भारताने जवळपास ऐंशी वर्षे सांभाळला, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यानेही पुराव्याचे हे ओझे तसेच ठेवले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका प्रकरणात स्पष्ट केले होते की, सरकारला मनात येईल त्याला उचलून हे ओझे त्याच्या खांद्यावर टाकता येत नाही. आधी संशयाला काही ठोस आधार दाखवावा लागतो. राजस्थानातल्या वीटभट्टीवर हा निकाल दहा महिन्यांतही पोहोचला नाही. भारतीय संविधानाचे एकविसावे कलम 'व्यक्ती'च्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करते, 'नागरिका'च्या नव्हे. १९९६ साली अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. म्हणजे युरोपच्या करारनाम्यातील जे तत्त्व तेथील सरकारांना खुपते ते आपल्या संविधानात मुळातच आहे. कमी आहे ती ते बजावण्याची यंत्रणा.

याचा अर्थ असा नव्हे की सीमा ओलांडून कोणी येतच नाही, किंवा राज्यसंस्थेला त्याची दखल घेण्याचा अधिकार नाही. लोक येतात, गरिबी आणि पूर त्यांना आणतात, दलाल त्यांच्याकडून पैसे उकळतात. प्रश्न आहे तो ठरवायचे कोणी आणि कशाच्या आधारे. तीस दिवसांची मुदत, ठाण्यातल्या अंमलदाराची मर्जी आणि रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडे ढकलणे, यांत न्यायाधीश कोठेच नाही. त्याचे फळ काय निघते हे बीरभूमच्या दोन कुटुंबांनी दाखवून दिले. जून २०२५ मध्ये दिल्लीत पकडलेल्या या सहा जणांत एक गर्भवती स्त्री होती. त्यांना बांगलादेशात ढकलण्यात आले. तेथे बेकायदा प्रवेशाबद्दल त्यांना तुरुंगात टाकले. आणि तेथील न्यायालयानेच त्यांना भारतीय ठरवले. कलकत्ता उच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर रोजी हद्दपारीचे आदेश रद्द करून चार आठवड्यांत परत आणण्याचा हुकूम दिला. ती स्त्री आपल्या लहान मुलासह ५ डिसेंबरला परत आली, तीही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर.

महाराष्ट्राला या गोष्टीकडे बोट दाखवून बाजूला होता येणार नाही. राजस्थानने जे आज केले ते मुंबईने फार पूर्वी करून दाखवले होते. दाक्षिणात्यांविरुद्धची 'लुंगी'ची हाळी १९६० च्या दशकातली. जुलै १९९८ मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने मुंबईतील बंगालीभाषक जरी कारागिरांना बांगलादेशी ठरवून पोलीस बंदोबस्तात कुर्ला-हावडा एक्सप्रेसने रवाना केले. गाडी बंगालमधील उलुबेरियाला पोहोचली तेव्हा फॉरवर्ड ब्लॉकच्या आमदाराच्या पुढाकाराने हजारो लोकांनी ती अडवली आणि आपली माणसे उतरवून घेतली. तत्कालीन डाव्या आघाडीच्या सरकारने निषेध नोंदवला, तेव्हा मुंबईतील बुर्झ्वा पत्रांनी त्याची मतपेढीचे राजकारण म्हणून संभावना केली. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाणे परिसरातून उचललेल्या मुर्शिदाबादच्या मजुरांना सीमेपलीकडे ढकलून पुन्हा परत आणावे लागले, तेव्हा त्या पत्रांपैकी किती जणांना १९९८ ची आठवण झाली?

आता याच जयपूरची दुसरी बाजू. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या मुस्लिमेतर लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार सात राज्यांतील ठरावीक जिल्ह्यांना दिले. त्यांत जोधपूर, जैसलमेर, जयपूर होते, आणि महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरही होते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने धर्माची ही चाळणी थेट कायद्यात आणली. तिचे नियम ११ मार्च २०२४ ला, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, निघाले. सिंधमधून छळ सोसून आलेल्या माणसाला आसरा मिळावा यात वाद नाही. उल्हासनगरच्या छावण्या ज्यांनी पाहिल्या त्या महाराष्ट्राला निर्वासिताचे दुःख शिकवण्याची गरज नाही. विरोध आहे तो आसऱ्याला धर्माची अट घालण्याला.

परंतु ज्यांच्यासाठी हा कायदा केला असे सांगितले जाते त्यांचे तरी काय झाले? राजस्थानात येणाऱ्या या पाकिस्तानी विस्थापितांत मोठा भरणा भिल्ल आणि मेघवाळ समाजाचा आहे. सिंधमध्ये जमीनदाराकडे राबणारे आणि येथे येऊन दगडखाणीत अथवा दुसऱ्याच्या शेतात राबणारे. मे २०२३ मध्ये जैसलमेरजवळ अमरसागर येथे त्यांच्या झोपड्यांवर प्रशासनाने बुलडोझर फिरवला. ४०-४५ अंशांच्या उन्हात बायकापोरे उघड्यावर आली. ओरड झाल्यावर त्यांना दुसरीकडे जागा देण्याची तजवीज झाली. त्या वेळी राज्यात काँग्रेसचे सरकार होते, ज्याने जानेवारी २०२० मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध विधानसभेत ठराव केला होता. एका पक्षाला विस्थापित हवा तो भाषणात. दुसऱ्या पक्षाला जमीन हवी ती मोकळी. धर्माने 'आपला' ठरलेला माणूस जमिनीच्या प्रश्नावर येताच परका झाला. बंगाली मुसलमान मजूर आणि सिंधी भिल्ल मजूर यांना सत्ताधाऱ्यांनी एकमेकांसमोर उभे केले आहे. प्रत्यक्षात बुलडोझरला दोघांतला फरक कळलेला नाही.

आणि सीकर? शेखावाटीच्या सीकर, झुंझुनू, चुरू या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या नागौरमधून दर वर्षी हजारो तरुण आखाती देशांत जातात. गवंडी, सुतार, वाहनचालक म्हणून. तेथे 'कफाला' पद्धतीने मालकाच्या नावावर त्यांचा व्हिसा असतो; पासपोर्ट मालकाच्या कपाटात, पगार मालकाच्या मर्जीवर, आणि मालक सोडून जाणे हाच गुन्हा. २०२२ च्या विश्वचषकासाठी कतारमध्ये उभ्या राहिलेल्या स्टेडियमांच्या निमित्ताने जगाने या पद्धतीकडे थोडे दिवस पाहिले. सीकरच्या कित्येक गावांत पक्के घर आहे ते या पैशावर. त्या घरातल्या आईला, मुलाचा पासपोर्ट कोणी काढून घेतला तर काय होते, हे कोणा संपादकाने समजावून द्यायला नको. तिच्या गावाच्या वेशीवरील भट्टीत कूचबिहारच्या मुलाचे आधारकार्ड काढून घेतले गेले, तेव्हा या दोन गोष्टी एकच आहेत हे तिला सांगायला मात्र कोणी गेले नाही. ज्या सीकरने २०२४ मध्ये किसान चळवळीचे नेते अमरा राम यांना लोकसभेत पाठवले, ज्या सीकरच्या शेतकऱ्यांनी २०१७ साली कर्जमाफीसाठी रस्ते बंद पाडले, तेथे हे काम अशक्य खचितच नव्हते.

हे काम कष्टाचे आहे, कारण आपल्या स्वतःच्या रांगांतही संशय आहे. बाहेरचा येतो आणि कमी मजुरीत काम करतो, ही तक्रार खोटी नाही. भट्टीमालक आणि ठेकेदार त्याला त्यासाठीच आणतात. मार्क्सने १८७० साली इंग्रज आणि आयरिश मजुरांतील वैराविषयी लिहिताना दाखवून दिले होते की, हे वैर भांडवलदार जाणीवपूर्वक जोपासतात आणि इंग्रज मजूरवर्गाच्या दुबळेपणाचे रहस्य तेथेच आहे. हा इतिहास पाठ असूनही युरोपातील समाजवादी पक्ष वेळ येताच घसरतात. डेन्मार्कच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने उजव्यांचा मुद्दा उचलून उजव्यांना नामोहरम करण्याची 'चतुराई' दाखवली. निर्वासिताजवळील ठरावीक रकमेपेक्षा अधिक किमतीच्या चीजवस्तू जप्त करण्याच्या २०१६ च्या कायद्याला पाठिंबा दिला. पुढे २०१९ पासून सत्तेवर बसून कडकपणात उजव्यांशीच स्पर्धा केली. अनेक देशांतील तथाकथित समाजवादी या 'डॅनिश नमुन्या'ची वाखाणणी करत राहिले. नोव्हेंबर २०२५ च्या स्थानिक निवडणुकीत याच पक्षाने शंभर वर्षांहून अधिक काळ राखलेले कोपनहेगन गमावले, आणि तेही उजव्यांना नव्हे तर आपल्याहून डावीकडच्या पक्षाला. स्थलांतराच्या प्रश्नावर लोक उजवीकडेच जातात, हा सिद्धांत निदान तेथे लागू पडला नाही. घरभाडे आणि महागाई यांवर बोलायला लोकांना कोणी तरी हवे होते.

याउलट १९७६ ते १९७८ या काळात लंडनच्या विल्सडेन भागात ग्रनविक फिल्म कारखान्याचा संप झाला. पूर्व आफ्रिकेतून हाकलल्या गेलेल्या, साडी नेसणाऱ्या गुजराती कामगार स्त्रिया, जयाबेन देसाई यांचे नेतृत्व, आणि त्यांच्या पाठीशी यॉर्कशायरहून आलेले गोरे खाणकामगार. संप फसला, कारण कामगार संघटनांच्या मध्यवर्ती नेतृत्वाने अखेरीस हात आखडता घेतला. तरी परदेशी मजूर म्हणजे संपफोडा ही समजूत त्या फाटकावर मोडली. ज्यांना तीन दिवसांच्या कायद्याने दार बंद केले होते त्याच समाजाच्या या स्त्रिया होत्या.

आपल्यापुरते पाहिले तर मुद्दा अगदी साध्या कागदावर येऊन थांबतो. ओरिसातील 'दादन' मजुरांच्या हालांवरून १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. पाच अथवा अधिक परप्रांतीय मजूर आणणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराने मजुराला छायाचित्र असलेले पासबुक द्यावे, त्यात कामाचे ठिकाण, मुदत, मजुरीचा दर, विस्थापन भत्ता आणि परतीचे भाडे लिहावे, असे बंधन त्याने घातले. हा मनुष्य कोण, कोठून आला आणि कोणी आणला, याचा मालकाच्या सहीचा दाखला दर मजुराच्या खिशात असायला हवा होता. चाळीस वर्षांत तो कोणाच्या खिशात दिसला? ज्या सरकारांनी ठेकेदाराला एकदाही पासबुक मागितले नाही तीच सरकारे आज मजुराकडे बापजाद्यांचे कागद मागतात. २०२० च्या टाळेबंदीत रस्त्यावर किती मजूर मेले याची आकडेवारी नाही, असे केंद्र सरकारने त्याच वर्षी संसदेत सांगितले. मोजदादच केली नव्हती तर आकडा येणार कोठून? आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी १९७९ चा कायदा पोटात घेतला आहे. मर्यादा पाचावरून दहा मजुरांवर गेली, आणि विस्थापन भत्ता गळाला. धाडी घालताना भट्टीवर किती ठेकेदार पकडले गेले, अशी विचारणा राजस्थान सरकारला कोणी केल्याचे दिसले नाही.

बंगालीभाषक मजुरांच्या वस्त्या जयपूरप्रमाणेच मुंबई, पुणे, नागपूर, सुरत, इंदूर, बेंगळुरू येथेही आहेत, आणि या सर्व शहरांत मराठी वाचणारे पक्षसभासद आहेत. धाड बहुधा पहाटे पडते आणि पहिल्या चोवीस तासांतच माणूस ठाण्यातून दुसरीकडे हलवला जातो. त्या चोवीस तासांत गावच्या ग्रामपंचायतीला फोन लागणे, दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचा आग्रह धरणारा वकील मिळणे आणि ठाण्याच्या दारात पन्नास माणसे उभी राहणे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ज्या युनियनच्या कार्यालयात कूचबिहार, मालदा, मुर्शिदाबाद आणि उत्तर दिनाजपूर येथील जिल्हा समित्यांचे दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावलेले नाहीत, तेथे ते या आठवड्यात लावावेत. आणि वस्तीतल्या प्रत्येक मजुराच्या ठेकेदाराचे नाव, पत्ता व मजुरीचा दर लिहिलेली वही तयार करण्यास आरंभ करावा. ठेकेदार सही देणार नाही. नकाराचीही नोंद तारखेसह त्या वहीत करावी.